मंदिराच्या छताखालची गलबते

वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे आणि तान्ही मुले विकावयास मांडलेली आपण सर्वांनीच पाहिली आहेत. ज्याचा पाय दुखतो त्याने मेणाचा पाय मातेच्या चरणी ठेवावा, ज्याला निवारा हवा त्याने मेणाचे घर ठेवावे, असा हा रिवाज. तो पाळणाऱ्यांत ख्रिस्ती जितके असतात तितकेच इतरही असतात. युरोपातील जुन्या बंदरांच्या ख्रिस्तमंदिरांत याच रिवाजाचे एक भावंड नांदते. तेथे प्रार्थनेला बसलेल्या माणसाने सहज मान वर केली, तर छतापासून दोरांनी वा साखळ्यांनी टांगलेली लहान लहान जहाजे त्याच्या दृष्टीस पडतात. फ्रान्समध्ये मार्सेय बंदराच्या माथ्यावर उभ्या असलेल्या नोत्र दाम द ला गार्द या महामंदिरात ती आहेत. नॉर्मंडीत ऑनफ्लर गावाजवळच्या टेकडीवरील मातेच्या छोट्या मंदिरात आहेत. अटलांटिक ओलांडून गेलेल्या फ्रेंच वसाहतकारांनी माँट्रियल येथे बांधलेल्या नोत्र दाम द बों सकूर या मंदिरात तर दिवेच जहाजांच्या आकाराचे आहेत.

ही जहाजे नवसाची आहेत, हे सांगावयास नको. त्यांच्याकडे पाहणारा भाविक ‘किती सुंदर!’ असे म्हणतो आणि पुढे जातो. कलासमीक्षक त्यांना लोककलेच्या दालनात जागा देतो. आम्हांस मात्र त्यांचे मोल आणखी निराळ्या कारणासाठी वाटते. समुद्रावर सारे आयुष्य घालवलेल्या सामान्य खलाशाने आपल्यामागे लिहून ठेवलेले फारसे काही नसते. सेनापतींची रोजनिशी असते, व्यापाऱ्यांच्या वह्या असतात, जेझुइट धर्मगुरूंची पत्रे असतात. परमानावर चढून वाऱ्यात शीड आवळणाऱ्या माणसाचा कागद नसतो. त्याला बहुधा लिहिता येत नव्हते. पण त्याला लाकूड तासता येत होते, गाठ मारता येत होती, आणि ज्या जहाजावर आपण जगलो त्याची प्रत्येक दोरी कोठून निघून कोठे बांधली जाते हे त्याला झोपेतही सांगता आले असते. काही जहाजे कसबी कारागिरांकडून करवून घेतलेली असतील. परंतु जी खलाशांनी आणि जहाजावरील सुतारांनी स्वतःच्या हाताने केली, ती त्यांची आत्मचरित्रेच होत, असे आम्ही समजतो.

नवस समुद्रात कसा बोलला जाई, याचे एक ठळक चित्र कोलंबसाच्या पहिल्या सफरीच्या वृत्तांतात आले आहे. १४९३ सालच्या फेब्रुवारीत परतीच्या वाटेवर ‘निन्या’ हे त्याचे छोटे जहाज अझोर्स बेटांच्या आसपास भयंकर वादळात सापडले. चौदा तारखेस जहाजावर जितकी माणसे होती तितके हरभऱ्याचे दाणे एका टोपीत टाकण्यात आले आणि त्यांपैकी एकावर सुरीने क्रुसाची खूण केली गेली. ज्याच्या हाती तो दाणा येईल त्याने ग्वादालुपेच्या मातेकडे पाच पौंड मेणाची मेणबत्ती घेऊन यात्रेस जावे, असे ठरले. पहिलाच हात कोलंबसाने घातला आणि खुणेचा दाणा त्याच्याच हाती आला. पुढे आणखी चिठ्ठ्या पडल्या. एक यात्रा इटलीतील लोरेतोची होती, ती एका साध्या खलाशाच्या वाट्यास आली व तिचा खर्च देण्याचे कोलंबसाने मान्य केले. अखेरीस सर्वांनी मिळून असा नवस केला की, जी पहिली भूमी लागेल तेथील मातेच्या मंदिरात अंगावर केवळ सदरा ठेवून मिरवणुकीने जायचे. ती भूमी निघाली अझोर्समधील सांता मारिया नावाचेच बेट. अर्धे खलाशी नवस फेडावयास गेले, आणि प्रार्थनेत असतानाच तेथील पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांना पकडले! काही दिवसांनी त्यांची सुटका झाली. नवस फेडताना कैद होण्याचा असा प्रसंग ख्रिस्ती इतिहासातही विरळाच.

या प्रसंगात मेण आहे, यात्रा आहे, सदऱ्यावर चालणे आहे. पण जहाजाची प्रतिकृती नाही. ती करावयास वेळ लागतो, महिनोन्‌महिने लागतात. वादळात बोललेला शब्द माणूस किनाऱ्यावर पोहोचल्यावर विसरतो, हे आपल्याकडील म्हणींनाही ठाऊक आहे. जो खलाशी घरी परतल्यावर सारा हिवाळा चाकू, किकरे आणि डिंक घेऊन बसला, त्याने तो शब्द दररोज नव्याने आठवला असला पाहिजे.

अशा जहाजांपैकी सर्वांत नामांकित म्हणजे स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील मातारो गावाचे. या गावाबाहेर संत सिमोन यांच्या नावाचे एक लहानसे मंदिर आहे. तेथे टांगलेले एक मीटरहून थोडे अधिक लांबीचे लाकडी जहाज पंधराव्या शतकाच्या मध्याचे, म्हणजे कोलंबसाच्या सफरीहून सुमारे चाळीस वर्षे जुने असल्याचे मानले जाते. मध्ययुगातील युरोपीय जहाजाच्या त्याच काळात केलेल्या व आजवर टिकलेल्या प्रतिकृती अगदीच विरळ आहेत. चित्रे पुष्कळ आहेत, नाण्यांवरील व मोहरांवरील आकृती आहेत. पण त्या सर्व एका बाजूने पाहिलेल्या. मातारोच्या जहाजाला मात्र पोट आहे, पाठ आहे, आत डोकावता येते.

याचे महत्त्व कळण्यासाठी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. त्या काळी भूमध्य समुद्राच्या काठचे जहाजसुतार कागदावर आराखडे काढीत नसत. काही ठरावीक प्रमाणे, लाकडी साचे आणि बापाकडून मुलाकडे आलेली हाताची सवय, एवढ्यावर जहाज उभे राही. लिहून ठेवणारे अगदीच थोडे. त्यांपैकी रोड्सच्या मायकलचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. हा मनुष्य १४०१ साली व्हेनिसच्या आरमारात साधा वल्हेकरी म्हणून लागला, चाकरीत पायरी पायरीने वर चढला आणि १४३४ च्या सुमारास त्याने स्वतःच्या हाताने एक जाडजूड वही लिहिली. तीत अंकगणित आहे, पंचांग आहे, आपण कोणकोणत्या सफरींवर गेलो त्याची यादी आहे, आणि जहाज कसे बांधावे याचे सविस्तर वर्णन आहे. वल्हे मारणाऱ्या माणसाने लिहिलेला असा ग्रंथ म्हणजे नवलच. पण मायकल एक. त्याच्या शेजारी बाकावर बसून वल्हे ओढणारे शेकडो. त्या शेकडोंच्या वतीने बोलणारे कोणी असेल तर ते मातारोचे जहाज.

ते काय सांगते? बाजूच्या फळ्या एकीवर एक न चढवता कडेला कड भिडवून बसवल्या आहेत. डेकला आधार देणाऱ्या आडव्या तुळयांची टोके जहाजाच्या कुशीतून बाहेर आलेली आहेत. चित्रकारांनी अशी टोके रंगवली होती, पण ती खरी की कल्पनेची याची शंका होती. मातारोच्या कारागिराने ती फिटवली. याउलट, जहाजाची लांबी रुंदीच्या मानाने फारच आखूड आहे. तेवढ्या आखूड जहाजाला समुद्रावर चालवणे अवघड गेले असते. मग कारागीर चुकला काय? आमच्या मते हा प्रश्नच गैरलागू आहे. तो गोदीसाठी नमुना करीत नव्हता. हाताशी जेवढे लाकूड होते, टांगावयास जेवढी जागा होती, तेवढ्यात त्याने आठवण बसवली. आणि आठवणीत जे भाग महत्त्वाचे, ते त्याने आखडले नाहीत.

हे जहाज आज मातारोत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते मंदिरातून बाहेर पडले, पुराणवस्तूंच्या व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरले आणि शेवटी हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या सागरी वस्तुसंग्रहालयात स्थिरावले. तेथे ते उत्तम रीतीने जपले गेले आहे, विद्वानांनी त्याची क्ष-किरणांनी तपासणी केली आहे, हे सर्व मान्य. तरीपण जे संतापाशी ठेवावयाचे म्हणून केले, ते विकले गेले ही गोष्ट आम्हांस बोचते. जपणूक झाली, पण शब्द मोडला गेला. या दोहोंपैकी कोणते पारडे जड, हे वाचकांनी आपापल्या मनाशी ठरवावे.

आठवणीतील जहाज आणि आराखड्यातील जहाज यांतील फरक आणखी एका तुलनेने स्पष्ट होतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या आरमार खात्यासाठी जहाजांच्या अत्यंत रेखीव प्रतिकृती होऊ लागल्या. बहुधा एकास अठ्ठेचाळीस या प्रमाणात केलेल्या या प्रतिकृतींत तळाकडच्या बाजूस फळ्या मुद्दाम लावलेल्या नसत, कारण आतील फासळ्यांची मांडणी दिसावी. पुष्कळांवर डोलकाठ्या आणि दोरही नसत. आपल्या रोजनिशीमुळे प्रसिद्ध झालेले सॅम्युएल पीप्स हे आरमार खात्यातील अधिकारी अशा प्रतिकृतींचे मोठे शौकीन होते. बांधणाऱ्याच्या दृष्टीने जहाज म्हणजे सांगाडा आणि पोट. मंदिरातील जहाजांत नेमके उलट आढळते. पोट पुष्कळदा ओबडधोबड, एकाच ओंडक्यातून कोरलेले. पण डोलकाठ्यांवरील दोरखंडांची गुंतवण पाहावी तर प्रत्येक दोरी आपल्या जागी. तोफा प्रमाणाबाहेर मोठ्या, शिडे अवाच्या सवा उंच. खालून पाहणाऱ्याला दिसावे म्हणूनही हे केले गेले. पण खलाशाचे आयुष्य दोरांत गेले, ओंडक्यात नव्हे, हेही त्याचे कारण असावे. ज्याच्या तळहातांना त्या दोरांनी घट्टे पाडले, तो त्यांत चूक कशी करील?

नवसावाचून केलेली, किंबहुना निव्वळ पोटासाठी केलेली जहाजेही याच कुळातली आहेत. इंग्लंडमध्ये पीटरबरो शहराजवळ नॉर्मन क्रॉस येथे १७९७ साली युद्धकैद्यांसाठी एक मोठी छावणी उघडण्यात आली. फ्रान्सशी चाललेल्या दीर्घ युद्धात पकडलेले हजारो कैदी १८१४ पर्यंत तेथे लाकडी बराकींत कोंडलेले होते. त्यांत भरणा फ्रेंच आरमारातील आणि खाजगी लढाऊ जहाजांवरील खलाशांचा. काही वर्षे नव्हे, काहींना दहा दहा वर्षे तेथे काढावी लागली. १८०० आणि १८०१ च्या हिवाळ्यात रोगाची साथ आली तेव्हा हजारांहून अधिक माणसे दगावली.

या कैद्यांना शिध्यात गोमांस व मटण मिळे. त्याची हाडे सूप करून झाल्यावर उरत. ती उकळून, उन्हात पांढरी करून, पातळ पट्ट्यांत कापून कैद्यांनी जहाजे घडवली. आत लाकडाचा गाभा, त्यावर हाडाच्या चिंचोळ्या फळ्या पितळेच्या बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या. दोरांसाठी रेशीम, घोड्याचे केस, कधी माणसाचेही केस. काही जहाजांच्या मागील बाजूस दोऱ्या असत. त्या ओढल्या की साऱ्या तोफा एकदम आत जात आणि सोडल्या की बाहेर येत. छावणीच्या दारात बाजार भरे, तेथे आसपासचे इंग्रज ही जहाजे विकत घेत. गिऱ्हाईक इंग्रज म्हणून कित्येकदा जहाजाला इंग्रज आरमारातील जहाजाचे नाव दिले जाई, मात्र घडण फ्रेंचच राही! हे आम्हांस फार बोलके वाटते. नाव बदलता येते. डोलकाठी किती मागे कलती आहे, नाळेचा बाक कसा आहे, हे हात बदलू देत नाहीत. आराखडा जवळ नाही, समुद्र पाहून वर्षे लोटली, ज्या जहाजावर चाकरी केली ते बुडाले किंवा शत्रूने ओढून नेले. तरी ते जहाज हाडांतून उभे राही.

या छावणीच्या कथेत आपल्या वाचकांस जिव्हाळ्याचे वाटेल असे एक नाव आहे. मूलँचे बिशप म्हणून ओळखले जाणारे फ्रेंच धर्माधिकारी द ला तूर हे राज्यक्रांतीनंतर मायदेशातून परागंदा होऊन इंग्लंडमध्ये राहत होते. ते छावणीजवळच्या स्टिल्टन गावी येऊन राहिले आणि कैद्यांची आध्यात्मिक सेवा करू लागले. ज्या राजवटीने त्यांना देशोधडीस लावले, तिच्याच सैन्यातील ही माणसे. पुष्कळांनी कित्येक वर्षांत मिस्सा पाहिलेली नसावी. तरीही बिशप त्यांच्याजवळ राहिले. पीटरबरोच्या वस्तुसंग्रहालयात आज नॉर्मन क्रॉसच्या कैद्यांनी केलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. ती काचेमागची पांढरी जहाजे पाहताना त्या परागंदा धर्मगुरूंचे स्मरण कोणी करीत असेल की नाही, देव जाणे.

त्याच राज्यक्रांतीने फ्रान्समधील मंदिरांतील जहाजांचाही घात केला. मार्सेयच्या टेकडीवर १२१४ पासून मातेचे मंदिर होते आणि खलाशांचे नवस तेथे शतकानुशतके साठत आले होते. क्रांतीच्या काळात मंदिर बंद झाले, मातेची चांदीची मूर्ती वितळवली गेली, आणि नवसाच्या जुन्या वस्तू जवळजवळ सर्व नाहीशा झाल्या. १८६४ साली पवित्र करण्यात आलेल्या आजच्या महामंदिरात जे दिसते ते बहुतांशी त्यानंतरचे आहे. डेन्मार्कची गोष्ट याहून निराळी. तेथे १५३६ मध्ये लूथरचा पंथ राजमान्य झाला, संतांचे नवस बंद पडले. पण जहाजे टांगण्याची चाल काही केल्या गेली नाही. उलट ती वाढली. आज त्या चिमुकल्या देशातील चर्चमध्ये हजारांहून अधिक जहाजे टांगलेली आहेत. नवसावाचूनही खलाशाला आपले जहाज देवाच्या घरात असावे असे वाटते, एवढाच याचा अर्थ.

आतापर्यंत आम्ही ज्यांच्याविषयी लिहिले ते बहुधा अनामिक. आता एका नामवंताकडे वळू, कारण त्याच्यामुळे ही कथा आपल्या किनाऱ्याला येऊन लागते. फ्रेंच आरमारातील फ्रान्स्वा-एदमों पारी (१८०६–१८९३) यांनी तरुणपणी तीन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा केली. पहिली ‘आस्त्रोलाब’ जहाजावर, १८२६ ते १८२९. याच सफरीत नाहीशा झालेल्या ला पेरूज या दर्यावर्दीच्या जहाजांचे अवशेष व्हानिकोरो बेटापाशी पाहण्यात आले. दुसरी ‘फाव्होरित’वर, आणि तिसरी ‘आर्तेमीझ’वर, १८३७ ते १८४०. जेथे जहाज नांगर टाकी तेथे इतर अधिकारी राजवाडे आणि बाजार पाहावयास जात. पारी वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांची मापे घेत बसत. तिसऱ्या सफरीत भारतात एका यंत्रशाळेची पाहणी करताना त्यांचा डावा हात दातेरी चाकांत सापडला आणि कापावा लागला. त्यानंतरही त्यांनी रेखाटने सोडली नाहीत.

युरोपाबाहेरील लोकांच्या जहाजबांधणीवरील त्यांचा ग्रंथ १८४० च्या दशकात प्रसिद्ध झाला. अरबस्तानापासून मलबार, कोरोमंडल, गंगा, मलाया, चीन आणि पॅसिफिकच्या बेटांपर्यंतच्या नावा त्यात मापांसह रेखाटल्या आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मालवाहतूक करणारी पतेमारीही त्यात आहे. १८७१ मध्ये लूव्हर येथील सागरी वस्तुसंग्रहालयाची सूत्रे पारी यांच्याकडे आली आणि मृत्यूपर्यंत बावीस वर्षे त्यांनी ती सांभाळली. पोरवयात काढलेल्या त्या रेखाटनांवरून त्यांनी संग्रहालयाच्या कारागिरांकडून नौकांच्या प्रतिकृती घडवून घेतल्या. १८८२ पासून त्यांनी जहाजांच्या आराखड्यांचे मोठे मोठे संच छापावयास घेतले, त्यांना नाव दिले ‘सागरी स्मृती’. त्या स्मृतींत स्वतःविषयी जवळजवळ काही नाही. आहेत ती केवळ जहाजे, मापांसहित. म्हातारपणी एका हाताने हे करणाऱ्या नौसेनापतीची आणि नॉर्मन क्रॉसच्या हाडे तासणाऱ्या कैद्याची जात एकच, असे आम्हांस वाटते.

आता आपल्याविषयी. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज अमलात सागवानी जहाजे बांधली जात. वसईपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दर्या कसला. गोव्याचे तारवटी आगबोटींवर आचारी, स्टुअर्ड, खलाशी म्हणून जगभर फिरले. दोन सफरींमध्ये ते मुंबईला धोबीतलावच्या बाजूस आपापल्या गावाच्या कुडांत उतरत. कुडात एका भिंतीशी गावाच्या संताची वेदी, आणि तिच्यासमोर संध्याकाळी जपमाळ. भिंतीकडेने एकावर एक रचलेल्या ट्रंका. त्या ट्रंकांच्या धन्यांनी दोन महायुद्धे समुद्रावर पाहिली. त्यांच्या आठवणी बहुतेक तोंडीच राहिल्या आणि त्यांच्याबरोबर गेल्या. पतेमारीचे शीडही इंजिन आल्यावर उतरले. आज तिचे बारकावे पाहावयाचे तर एका फ्रेंच माणसाच्या रेखाटनांकडे जावे लागते. वसईतील, उत्तनमधील किंवा साष्टीतील ज्या घरांत निवृत्त दर्यावर्दी अजून हयात आहेत, त्या घरांतील तरुणांनी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसावे, दोर कोठून कोठे जात होता ते विचारून घ्यावे. हे काम वर्षभरही पुढे ढकलण्याजोगे नाही.

आपल्याकडे प्रतिकृती करण्याची हौस नाही असे मात्र कोणी म्हणू नये. गोव्यात बार्देशच्या किनाऱ्यावर, कांदोळीसारख्या गावांत, २९ जूनला संत पेत्राच्या सणाला कोळी आपल्या होड्या एकमेकींना बांधून सांगड घालतात. पाऊस लागलेला असतो, मासेमारी थांबलेली असते. त्या सांगडीवर फळ्या टाकून, झावळ्या लावून मंच उभारतात, गाणी आणि नाटुकली होतात, आणि मधोमध कागद, बांबू व रंग यांनी केलेले एक चिमुकले चर्च बसवतात, आत संत पेत्राची मूर्ती ठेवतात. युरोपच्या खलाशाने जहाज लहान करून चर्चमध्ये टांगले. आमच्या कोळ्याने चर्च लहान करून होडीत ठेवले, आणि ती होडी तो पावसातच खाडीत लोटतो.